साक्षीत न आलेला माणूस

माझ्या कपाळावर त्या सकाळी जो हात होता तो कुणाचा, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही, बहिणीला तर मुळीच नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना वाटतं की तो हात कुणाचा हे आपल्याला माहीत आहे. त्यांना तसं वाटतं ते माझ्यामुळे.

मी फार बोलणारा माणूस नाही. शाळेत विज्ञान शिकवतो, तेवढंच बोलणं. घरी बायको म्हणते, "तुमच्यापेक्षा भिंत बरी, तिच्यावरची पाल निदान चुकचुकते तरी." भजनात मात्र गातो. गाताना दुसऱ्याचे शब्द असतात, म्हणून जमतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे माणूस मोठ्या दुखण्यातून उठला की रविवारच्या उपासनेत पुढं उभा राहतो आणि साक्ष देतो. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. ती कशी द्यायची हे कुणी शिकवत नाही, पण लहानपणापासून इतक्या ऐकलेल्या असतात की आपली पाळी आली की तोंड आपोआप त्या पाटानं वाहू लागतं. आधी संकट, मग घाबरगुंडी, मग प्रार्थना, मग भीती नाहीशी झाली, मग सुटका. मध्ये मध्ये मंडळी म्हणते, "स्तुती असो." जे दुखण्यातून उठत नाहीत त्यांना साक्ष द्यायला मिळत नाही. हे मला पूर्वी कधी सुचलं नव्हतं.

माझ्या मानेत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, आणि आवाजाची नस तिला अगदी चिकटून गेलेली आहे. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी विज्ञानाचा मास्तर, मला सांगायची गरज नव्हती. मरण्यापेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटली. न बोलणाऱ्या माणसाला आवाज जायची एवढी भीती का वाटावी, कळत नाही. बहुतेक, बोलायचं राहिलेलं खूप असतं.

नगरमधल्याच एका दवाखान्यात मला ठेवलं. जनरल वॉर्डात शेजारच्या खाटेवर जामखेडच्या पलीकडचा एक माणूस होता. माझ्याच वयाचा, पण उन्हानं वाळलेला. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सोबत कुणी नव्हतं. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते आणि त्यांची लेकरं सांभाळायला बायको त्यांच्याबरोबर फडाजवळच्या कोपीवर, पाचटाच्या खोपटात.

"कोन गाव?" त्यानं पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"सावेडी."

"ते गाव हाय व्हय? तितं तर बंगलं हायेत."

मी हसलो. मग त्याची नजर माझ्या उशाजवळच्या छोट्या शुभवर्तमानाकडं गेली. "ख्रिस्ती का?"

"हो."

"आमी बौद्ध. म्हंजे मागं गेलं तर तुमी-आमी गावकुसाबाहेरच्या एकाच वाड्यातलं. तुमच्या आज्यानं पाद्र्याच्या हातनं पानी घेतलं, माझ्या आज्यानं दीक्षा घेतली. अन् आता बगा मास्तर, दोगांला बी सलाईन." आणि आपल्याच विनोदावर तो इतका हसला की पोट धरून त्याला गप्प बसावं लागलं.

मलाही हसू आलं. पण आधी मी बायको कुठं आहे ते पाहिलं. आमच्या घरात आजोबांपासून पुढचं बोलतात. आजोबा शिकले, मास्तर झाले, त्यांची टोपी, त्यांचं इंग्रजी. आजोबांच्या मागे काय होतं, कुठल्या वाड्यात होतं, ते कुणी काढत नाही. तो माणूस तिथं येऊन दोन वाक्यांत ते सगळं खाटेवर मांडून मोकळा झाला होता.

ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवा गाऊन दिला. सिस्टर म्हणाल्या, तासाभरात नेतील. बायको औषधं आणायला खाली गेली. मी काय करतोय हे मला नीटसं कळत होतं असं म्हणता येणार नाही. मी गाऊनवरच पँट चढवली, गाऊन आत खोचला, वर शर्ट घातला आणि कँटीनच्या बाजूच्या जिन्यानं बाहेर पडलो. वॉचमननं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. रस्त्यावर नेहमीसारखी सकाळ होती. एक रिक्षा थांबली.

"कुठं, सर?"

मी बसलो होतो, पण कुठं ते मला सांगता येईना. घरी म्हणावं, तर घरी पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरून महिला मंडळाच्या सगळ्या बायका बसलेल्या. माझी आई, देवळाली प्रवराहून मुद्दाम आलेली धाकटी बहीण, शेजारच्या दोघी. सगळ्या माझ्यासाठी उपवास धरून प्रार्थना करत होत्या. मी दारात उभा राहिलो तर त्या काय म्हणतील? ज्याच्यासाठी प्रार्थना चाललीय तोच पळून आलाय. माझ्या बाजूनं एवढी माणसं देवाशी बोलत होती की मला जायला जागाच उरली नव्हती.

"सर, सांगा ना. मागं गाड्या वाजतायत."

"काही नाही," म्हणालो आणि उतरलो. जिन्यानं परत वर गेलो.

बायको खाटेपाशी उभी होती. "कुठं होता?"

"संडासला."

तिनं हो म्हटलं. मग ती घरी फोन करायला बाहेर व्हरांड्यात गेली, आता नेतायत म्हणून सांगायला, म्हणजे तिकडं सगळ्या गुडघ्यांवर येतील. ती गेली आणि माझं अंग थरथरायला लागलं. दात वाजायला लागले. स्तोत्र म्हणायला गेलो तर पहिली ओळसुद्धा आठवेना. लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र. मी मनात प्रभूला हाक मारली. काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. आत रिकाम्या डब्यासारखं वाजत होतं.

शेजारचा माणूस उठून माझ्या खाटेशी आला.

"गेल्ता व्हय?"

मी चादर छातीपर्यंत ओढली.

"मास्तर, संडासला कोन गाऊन खोचून जातं?" तो हळूच म्हणाला. "मी बी काल गेल्तो. गेटावर वॉचमननं बिडी मागितली. दिली. दोगांनी वढली, आलो परत. काय करायचं बाहीर तरी?"

मग त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला. तापलेल्या लेकराच्या ठेवतात तसा. खरबरीत हात, बिडीचा वास येणारा. मला तो काढून टाकावासा वाटला आणि तसाच राहावासाही वाटला.

"थरथरू द्या," तो म्हणाला. "अंग हाय त्ये, थरथरनारच. त्याला काय ठावं तुमी मास्तर हाय का कोन हाय."

"तुम्हाला नाही भीती वाटत?"

"लई. माझं दुपारच्याला हाय. तवर तुमी जागं झालात तर येऊन बसा माझ्यापाशी. कोन न्हाई माझं हितं."

"बसतो," मी म्हणालो.

वॉर्डातले मामा स्ट्रेचर घेऊन आले तेव्हा त्यानं हात काढला. बायको धावत आली, माझा हात धरला, दारापर्यंत चालत आली. आणि आता जे सांगतो ते मला आजही उमगलेलं नाही. त्यानं हात काढल्यावरही तो हात कपाळावर होता. व्हरांडा ओलांडला, लिफ्ट आली, वरचे दिवे एकेक करून मागं गेले, तरी ती ऊब तिथंच होती. अंग थरथरत होतं आणि कपाळ शांत होतं. ती ऊब त्या माणसाची उरलेली होती, की दुसऱ्या कुणाची, की मला सुईवाटे दिलेल्या औषधाची? विज्ञानाचा मास्तर म्हणून मला याचं उत्तर देता येतं. प्रार्थना करणारा माणूस म्हणूनही एक देता येतं. दोन्ही उत्तरं एकाच माणसाला देता येत नाहीत.

आवाज वाचला. आधी घोगरा, मग हळूहळू पहिल्यासारखा. शुद्धीवर आलो तेव्हा मला स्पेशल रूममध्ये ठेवलं होतं. मंडळीतल्या कुणीतरी ओळखीनं ती मिळवली होती. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तुमच्या शेजारचे ते जामखेडचे, त्यांचंही झालं म्हणे ऑपरेशन. मामांपाशी विचारत होते, मास्तरचा आवाज आला का म्हणून."

"जाईन मी," मी म्हणालो.

जनरल वॉर्ड व्हरांड्याच्या पलीकडे होता. मला चालता येत होतं, सिस्टर चालाच म्हणत होत्या. मी उलट्या दिशेनं, खिडकीच्या बाजूनं चाललो. उद्या जाऊ, असं रोज म्हणत राहिलो. घरी जायच्या दिवशी वॉर्डाच्या दारातून डोकावलो, तर त्याच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही.

खरं कारण असं की तोवर माझ्या डोक्यात साक्ष तयार व्हायला लागली होती. पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा म्हणालेच होते, "मास्तर, प्रभूनं आवाज परत दिलाय. तो पहिल्यांदा कुठं वापरायचा ते तुम्हाला सांगायला नको." मी पडल्या पडल्या वाक्यं जुळवत होतो आणि त्या वाक्यांत तो माणूस कुठं बसत नव्हता. तो आला की पाठोपाठ रिक्षा येत होती, खोचलेला गाऊन येत होता, एकाच वाड्यातलं येत होतं.

घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी उभा राहिलो. म्हणालो, स्ट्रेचरवर असताना मी स्तोत्र म्हणत होतो. म्हणालो, माझ्या कपाळावर एक हात आला. मी डोळे उघडले नाहीत, कारण तो कुणाचा हे मला माहीत होतं. आणि त्या क्षणी भीती गेली, आणि मला कळलं की प्रभू म्हणतोय, जा.

"स्तुती असो," मंडळी म्हणाली. माझी आई रडली. मीही रडलो, आणि ते रडणं खोटं नव्हतं. इथंच सगळा गोंधळ आहे. पूर्ण खोटं बोललो असतो तर कधीच कबूल करून मोकळा झालो असतो.

मग ती साक्ष माझी राहिली नाही. कुणाचं ऑपरेशन असलं, कुणाच्या मुलाचा निकाल असला, कोर्टाची तारीख असली की मला बोलावणं येई. "मास्तर, तेवढं सांगा ना हाताचं." मी सांगे. लोकांना बळ येई, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हुंदके देणाऱ्या बाईनं पदरानं डोळे पुसले आणि चहा टाकायला उठली, असंही पाहिलंय. मग मला वाटे, काय बिघडलं? घरी येताना स्कूटरवर मात्र मला त्या बिडीचा वास येई, आणि मी तोंड धुतल्याशिवाय जेवायला बसत नसे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या त्याच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. मी त्यांना दाजी म्हणतो. तिच्या गर्भाशयात गाठ होती, अंगावरून फार जात होतं, डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली होती, हे मला ठाऊक होतं. ऑपरेशन झालेलं नाही, हे ठाऊक नव्हतं.

"पाव्हणं, तुमी येऊन जा बरं एकदा," दाजी म्हणाले. "तीनदा तारीख घेतली अन् तीनदा हिनं मोडली. डॉक्टर मला शिव्या घालायचा राहिलाय. म्हनतो, गाठ कसली हाय ते काढल्याबिगर कळनार न्हाई, अन् तुमी बसा वाट बघत."

"का मोडली?"

"म्हनती, दादाची आधी भीती गेली, तवा त्याला कळलं प्रभू जा म्हनतोय. माझी भीती जात न्हाई, म्हंजे त्यानं अजून जा म्हटलेलं न्हाई." मग ते चिडून म्हणाले, "तुमचंच हाय हे. तुमीच निस्तरा."

मी फोन ठेवला. भीती जाईपर्यंत ती थांबणार होती. तिची भीती जाणार नव्हती, कारण माझीसुद्धा गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी निघालो. राहुरीपासून पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी रांगत होती. प्रत्येक ट्रॉलीवर कुणी ना कुणी बसलेलं, डोक्याला फडकं बांधलेलं. मी त्यांच्या तोंडांकडं पाहायचं टाळत होतो. का, ते तेव्हा नीट कळलं नाही.

बहीण स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होती. ओठ पांढरे पडले होते. मला पाहून हसली.

"ये दादा. यांनी वकील लावलाय व्हय माझ्यावर?"

"वकील नाही, आरोपी समज," मी म्हणालो. तिला ते विनोदानं म्हटलेलं वाटलं.

चहा झाला. दाजी बाहेर गेले, मुद्दामच. ती सांगायला लागली. तारीख जवळ आली की छातीत धडधडतं. वचन वाचते, प्रार्थना करते, उपवास करते. तासभर बरं वाटतं, मग परत तेच. "महिला मंडळात मी दुसरीला सांगते, भिऊ नको, माझ्या दादाला बघ. अन् घरी येऊन मीच रडते. माझ्या विश्वासातच खोट हाय, दादा. न्हाईतर तुझी भीती काढली त्यानं, माझी का न्हाई काढत?" मग तिनं मेथी ठेवलेलं सूप बाजूला सारलं. "तू हात ठेव. तुझ्या कपाळाला लागला तोच हात ठेव. मग जाईल."

नाही कसं म्हणायचं? मी तिच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. शब्द भराभर आले, सवयीचेच होते. तिचं कपाळ गार होतं. माझा हात एखाद्या वस्तूसारखा त्यावर पडून होता. आमेन म्हटलं. तिनं डोळे उघडले नाहीत. पापण्यांतून पाणी येत होतं.

"न्हाई गेली," ती म्हणाली. आणि मग लहान मुलीनं चूक कबूल करावी तशी, "माफ कर, दादा."

ती माझी माफी मागत होती.

"मी पळालो होतो," मी म्हणालो.

"काय?"

"त्या सकाळी. ऑपरेशनच्या. मी दवाखान्यातून पळालो. भीती गेली नव्हती. स्तोत्र आठवत नव्हतं."

तिनं डोळे उघडले. "कुठं पळालास?"

"रिक्षापर्यंत."

"अन् मग?"

"मग रिक्षावाला म्हणाला कुठं. घरी तुम्ही सगळ्या बसला होतात सतरंज्या टाकून. जाणार कुठं?"

 मग तिच्या तोंडावर काहीतरी हललं. मला वाटलं रडते, पण ती हसत होती. पोटावर हात दाबून हसत होती. "म्हंजे आमच्या प्रार्थनेनंच परत आलास की रं!"

"तुम्हाला भिऊन आलो."

"तेच ते," ती म्हणाली.

 मी ते कधी तसं पाहिलंच नव्हतं. माझ्या लेखी ती माझ्या भेकडपणाची गोष्ट होती. तिच्या लेखी ती एका क्षणात उत्तर मिळालेली प्रार्थना झाली. कोण बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण तिचं हसू लगेच मावळलं. "मग साक्षीत हे का न्हाई सांगितलंस? तीन तारखा मोडल्या मी. तुझ्यापायी. रक्त जातंय, जीव जातोय, अन् मी बसलीय भीती जायची वाट बघत. मला वाटलं, माझंच पाप." मेथीच्या काड्यांची मूठ तिनं माझ्या अंगावर फेकली. "दुसऱ्या बायकांना मी काय सांगत बसले ते आठव जरा! तू गप्प राहनारा म्हनून सगळे तुला खरा समजतात."

मी काड्या वेचल्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मी तिला म्हणालो, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभू स्वतः बागेत घाबरला होता, त्याला घाम फुटला होता, ते आपण दरवर्षी वाचतो. भीती जायची वाट बघू नकोस. तिला घेऊनच जा. हे बोलताना मला पहिल्यांदा जाणवलं की इतकी वर्षं ते वाचून मी त्या घामावरून पुढं सरकत आलो होतो, जणू ती छपाईतली चूक असावी.

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "अन् हात? तो तरी खरा व्हता का?"

आता सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

"हात खरा होता," मी म्हणालो.

"मग बास," ती म्हणाली आणि मेथी परत पुढं ओढली.

हे खोटं नव्हतं. पण ते सांगणंही नव्हतं. तिच्या हातातली ती शेवटची काठी काढून घ्यायची हिंमत झाली नाही, असं मी स्वतःला सांगतो. दुसऱ्या वेळी वाटतं, लाज वाटली, दुसरं काही नाही.

चौथी तारीख तिनं मोडली नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्या खाटेशी बसलो होतो, दाजी बाहेर फेऱ्या मारत होते. ती थरथरायला लागली. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं, "थरथरू दे. अंग आहे ते, थरथरणारच."

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. "कुठनं शिकलास हे?"

"असंच."

"लई बरं वाटलं," ती म्हणाली. आणि तिला आत नेलं.

गाठ साधी निघाली. महिनाभरानं ती उठून कामाला लागली, आणि मग आमच्या मंडळीत येऊन तिनं साक्ष दिली. तिनं मला आधी विचारलं होतं, "तुझं पळायचं सांगू का?" मी खाली बघितलं. "बरं," ती म्हणाली, "तुझं तू सांग."

ती पुढं उभी राहिली आणि म्हणाली, मला भीती वाटत होती. आत नेईपर्यंत वाटत होती. प्रभूनं भीती काढली नाही. भीतीसकट मला उचलून नेलं. मंडळी गप्प होती. स्तुती असो म्हणायची जागा नेहमीच्या ठिकाणी आली नव्हती, त्यामुळं कुणालाच कळेना कधी म्हणावं. मग ती म्हणाली, "माझा दादा म्हनाला, थरथरू दे, अंग हाय, थरथरनारच," आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं.

उपासना संपल्यावर, मंडळीचा कारभार पाहायला निवडलेल्या वडिलांपैकी एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले. कडक माणूस, सगळे त्यांना वचकून असतात. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. "मास्तर," ते म्हणाले, "मला रोज रात्री निजताना भीती वाटते. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, वडील म्हणून निवडलंय, शोभत नाही." त्यांचे ओठ थरथरत होते. मी म्हणालो, बसू या. आम्ही बाकावर बसलो. मी काही बोललो नाही आणि पहिल्यांदाच माझं न बोलणं कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

तेव्हापासून लोक येतात. हाताचं सांगा म्हणत नाहीत, आपली भीती सांगायला येतात. एक बाई म्हणाली, "तुम्ही म्हणता ना थरथरू द्या, तेव्हापासून प्रार्थना जमायला लागली." माझा विश्वास आहे की हे चांगलं आहे. भिणाऱ्या माणसाला प्रभू टाकून देत नाही, हे मी आता पूर्वीपेक्षा जास्त खात्रीनं सांगू शकतो. तुम्ही हे वाचत असाल आणि उद्या तुमची कुठली तारीख असेल, तर जा. थरथरत जा. त्याला चालतं.

पण ते शब्द माझे नाहीत. पहिल्या वेळी मी त्या माणसाचा हात घेतला आणि दुसऱ्या वेळी त्याचं वाक्य. दोन्ही वेळा लोकांचं भलं झालं, आणि दोन्ही वेळा तो नव्हता.

मी यावर किती विचार केलाय, पण तो कुठं जाऊन टेकत नाही. कधी वाटतं, प्रभूनंच त्याला माझ्या खाटेशी पाठवलं, मग प्रभूचा हात म्हणालो त्यात चूक काय? पण मग प्रभूचा हात जामखेडकडचा होता, त्याला बिडीचा वास होता, आणि मी तो लपवला. आणि प्रभूनं जर त्या माणसाला सकाळी माझ्याकडं पाठवलं, तर दुपारी मला त्याच्याकडं पाठवलं नसेल कशावरून? दुपारी मी बेशुद्ध होतो, ते खरं. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हतो, तिसऱ्याही नव्हतो. तो मास्तरचा आवाज आला का म्हणून विचारत होता. आवाज आला होता.

जामखेडला जाणाऱ्या गाडीत मी अजून बसलेलो नाही. त्याचं नाव मला माहीत आहे, गावही माहीत आहे. तो आहे की नाही, ते माहीत नाही. नाव मी इथं लिहिलेलं नाही, कारण ते आधी मंडळीपुढं, मी जिथं उभा राहून साक्ष दिली तिथंच उभं राहून घ्यायला हवं.

तेवढं माझ्याकडं बाकी आहे. बहिणीला तो हात आणि ते वाक्य कुणाचं हे सांगायचं आहे, मंडळीत साक्ष पुन्हा द्यायची आहे, आणि त्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्यापाशी बसायचं आहे. बसतो म्हणालो होतो.